दोन रविवार आणि एक न झालेली रात्र

४ मे, शनिवार : सातारा ते मुंबई

निघायच्या आदल्या रात्री कपाटावरचा पृथ्वीगोल खाली काढला. बारा इंची गोल, मी निवृत्त झाले तेव्हा दहावीच्या मुलींनी दिलेला. शिवणाच्या डब्यातला लाल दोरा घेतला, एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबून धरलं आणि दुसरं ताणत सॅन फ्रान्सिस्कोला नेलं. एकतीस वर्षं भूगोल शिकवला, त्यात हा प्रयोग किती वेळा केला असेल. पण ज्या दोऱ्यावरून आपल्यालाच जायचं आहे तो मोजताना हात वेगळा चालतो.

भिंतीवरच्या नकाशावर मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को पट्टी ठेवली, तर रेघ अरबस्तान, सहारा, अटलांटिक आणि सगळी अमेरिका ओलांडून जाते. गोलावरचा ताठ दोरा मात्र सरळ उत्तरेकडे निघतो. राजस्थान, हिमाचल, तकलामकानचं वाळवंट, अल्ताई पर्वत, सैबेरिया, आर्क्टिकचा बर्फ, मग अलास्का आणि कॅनडाच्या किनाऱ्याने खाली. लांबी भरली बत्तीस सेंटिमीटरच्या जरा पुढे. या गोलावर एक सेंटिमीटर म्हणजे साधारण ४१८ किलोमीटर, म्हणजे अंतर साडेतेरा हजार किलोमीटर.

माझं तिकीट या वाटेचं नव्हतं. मी सिंगापूरमार्गे जाणार होते. म्हणून दुसरा दोरा मोजला. मुंबई ते सिंगापूर सव्वानऊ सेंटिमीटरच्या जरासा पुढे, सुमारे ३,९०० किलोमीटर. सिंगापूर ते सॅन फ्रान्सिस्को साडेबत्तीस. मला वाटलं दोरा सैल पडला. पुन्हा ताणून मोजलं, तरी तेवढंच. सुमारे १३,५९० किलोमीटर! म्हणजे साडेपाच तास उडून सिंगापूरला उतरायचं, आणि तिथून सॅन फ्रान्सिस्को मुंबईहून होतं त्यापेक्षा पाऊणशे-ऐंशी किलोमीटर लांबच असणार. सिंगापूर विषुववृत्ताला चिकटलेलं आहे. पूर्वेकडे सरकून जे मिळतं ते सगळं दक्षिणेला उतरल्यामुळे हातचं जातं. हे मी वर्गात कधीच सांगितलं नव्हतं, कारण मला ते कधी दिसलंच नव्हतं.

लेकीचं बाळंतपण करायला निघाले होते. दोन बॅगा, प्रत्येकी तेवीस किलो. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा, खारकेची पूड, आणि माझ्या आईच्या नऊवारीची शिवलेली गोधडी. दीड वाजता घर सोडलं. खंबाटकी, कात्रज, मग द्रुतगती मार्ग, लोणावळ्याच्या घाटात अर्धा तास एका जागी. विमानतळावर पोचायला पावणेआठ झाले. अडीचशे किलोमीटरला सव्वासहा तास. विमान तेवढं अंतर पंधरा-सतरा मिनिटांत कापतं.

मनगटावरचं एचएमटीचं घड्याळ भारताच्याच वेळेवर ठेवायचं, परत येईपर्यंत काटा हलवायचा नाही, असं ठरवून टाकलं होतं.

५ मे, रविवार : पहिला

शनिवारी रात्री अकरा चाळीसला विमान सुटलं. बंगालचा उपसागर झोपेत गेला. सिंगापूरला उतरले तेव्हा तिथे पावणेआठ, माझ्या घड्याळात सव्वापाच. अडीच तास पुढे गेले होते. धावपळ करत दुसऱ्या विमानाच्या दारापाशी पोचले आणि नऊ पंचविसाला तेही सुटलं. खिडकीची जागा लेकीने आधीच घेऊन ठेवली होती. "आई, तू झोपणार नाहीस हे मला माहितीये," म्हणाली होती.

समोरच्या पडद्यावर विमानाची वाट उमटत होती, आणि ती माझ्या दोऱ्याच्या जवळजवळ वरूनच चालली होती. दक्षिण चीन समुद्र, मग फिलिपिन्सचं लुझोन बेट, पुढे ओकिनावाच्या बाजूने जपान. सपाट नकाशावर ही वाट धनुष्यासारखी वाकलेली दिसते आणि माणसं विचारतात, सरळ सोडून एवढं वर कशाला जातात? ती वाकलेलीच सरळ आहे. वाकडा नकाशा आहे.

जपानच्या पूर्वेला एक गोष्ट झाली, तिच्यासाठी मी दोन तास पडद्याकडे बघत बसले होते. जमिनीच्या हिशेबाने विमानाचा वेग नऊशेच्या आसपास होता, तो चढत चढत ताशी १,०६० किलोमीटरवर गेला. इंजिनांनी जोर लावलेला नव्हता. मागून वारा मिळाला होता. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा हा अरुंद, वेगवान झोत, ज्याला आपण जेट स्ट्रीम म्हणतो, जपानवर विशेष जोरदार असतो. तो तिथेच सापडला, हेही त्यामुळेच. वासाबुरो ओइशी नावाचे जपानी हवामानशास्त्रज्ञ १९२० च्या दशकात तातेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडून त्यांचा माग काढत होते. जगाला समजावं म्हणून त्यांनी आपला अहवाल एस्परांतो या सगळ्या जगासाठी म्हणून बनवलेल्या कृत्रिम भाषेत छापला. जगाने तो वाचलाच नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानवर आलेल्या अमेरिकी बॉम्बफेकी विमानांना हा वारा आडवा आला तेव्हा कुठे त्याची दखल घेतली गेली. खाली ढग होते, जपान काही दिसलं नाही. पण त्या माणसाचे फुगे जिथे गेले त्याच उंचीवरून मी चालले होते.

या वाऱ्यामुळे अंतर आणि वेळ यांची जोडी तुटते. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने आपलं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिककडून न नेता पॅसिफिकवरून नेलं. अटलांटिकची वाट सुमारे १३,९०० किलोमीटरची, ही १५,३०० ची. चौदाशे किलोमीटर जास्त उडूनही विमान साडेचौदा तासांत पोचलं, आधीपेक्षा लवकर. लांबच्या वाटेवर वारा पाठीशी होता.

शाळेत दरवर्षी एक तरी मुलगी विचारायची, "बाई, पृथ्वी फिरतेच आहे, तर विमान वर नुसतं थांबून राहिलं तर अमेरिका आपोआप खाली येईल ना?" उत्तर एकच, पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते आणि विमान त्या हवेत असतं. पण प्रश्न चांगला आहे. ज्या मुलीला तो पडतो तिला पृथ्वी फिरताना दिसलेली असते.

जपान मागे पडल्यावर तासाभरात सूर्य मावळला. माझ्या घड्याळात दुपारचे सव्वादोन वाजले होते, सातारला लोक जेवून वामकुक्षी करत असतील. सूर्य पश्चिमेला चालला होता आणि आम्ही पूर्वेला, त्यामुळे संध्याकाळ पाहता पाहता संपली.

मग ती वेळ आली. विमानात बहुतेक सगळे झोपले होते. पडद्यावरचं चिमुकलं विमान १८० अंश रेखावृत्ताकडे, म्हणजे जिथे वार बदलतो त्या आंतरराष्ट्रीय वाररेषेकडे सरकत होतं, अल्यूशियन बेटांच्या बरंच दक्षिणेला. घड्याळात दुपारचे साडेचार, बाहेर काळोख. खिडकीला नाक लावून बसले. खाली काही नव्हतं, दिवा नाही, बोट नाही. फळ्यावर पांढऱ्या खडूने ही रेषा मी शेकडो वेळा काढली असेल, तिची नागमोडी वळणं मुलींकडून घोकून घेतली असतील. ती ओलांडताना माझे डोळे भरून आले. रविवारची रात्र होती, एका क्षणात शनिवारची रात्र झाली.

रात्र जेमतेम पाच तासांची झाली. कॅलिफोर्निया दोन तासांवर असताना खिडकीत तांबडं फुटलं, आणि तो पुन्हा रविवार होता.

५ मे, रविवार : दुसरा

सॅन फ्रान्सिस्कोला चाकं टेकली तेव्हा तिथे सकाळचे सव्वानऊ वाजले होते. सिंगापूर नऊ पंचविसाला सोडलं होतं. चौदा तास पन्नास मिनिटं उडून निघाल्याच्या दहा मिनिटं आधी पोचले होते.

अधिकाऱ्याने बॅगेतल्या प्रत्येक पुडीची चौकशी केली. लाडू मी अर्जात लिहिले होतेच. लेक बाळंत व्हायची आहे म्हटल्यावर तो हसला आणि त्याने जाऊ दिलं. बाहेर लेक उभी, पोट पुढे आलेलं, केस वाऱ्याने उडत होते. "अगं आई, किती वाजलेत तुझ्या घड्याळात?" हा पहिला प्रश्न. पावणेअकरा. रात्रीचे.

सनीव्हेलला घरी पोचायला साडेअकरा झाले. सातारच्या दारापासून इथल्या दारापर्यंत साडेचौतीस तास, त्यातले हवेतले वीस-साडेवीस.

आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. अठरा वर्षांची मुलगी, जवळजवळ दोन महिने समुद्रावर, आणि उतरल्यावर घरी खुशाली कळवायची ती पत्राने. मी गाडीत बसल्या बसल्या दादाला फोन केला. तिथे रात्रीचे साडेअकरा होऊन गेले होते, तो जागा होता.

६ ते १२ मे

हिशेब सोपा आहे. उन्हाळ्यात इथली आणि भारताची वेळ साडेबारा तासांनी वेगळी. इथली वेळ घ्यायची, अर्धा तास मिळवायचा आणि सकाळची रात्र करायची. इथे सकाळचे नऊ, तिथे रात्रीचे साडेनऊ. पण शरीराला अंकगणित कळत नाही. मेंदूत, डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, शरीराचं स्वतःचं घड्याळ असतं. ते उजेडावर लागतं आणि दिवसाला साधारण तासाभरापेक्षा जास्त सरकत नाही. दुपारी दोनला डोळे मिटायचे, रात्री दोनला मी टक्क जागी. भूकही उलटी लागायची.

आणि बाळ दहा दिवस आधीच आलं. ७ मे, मंगळवार, रात्री आठ दहाला. मुलगा.

दादाला कळवलं तेव्हा तिकडे बुधवारची सकाळ होती, आठ चाळीस. तो म्हणाला, "मग जन्मतारीख कुठली धरायची? सात की आठ?" गुरुजींनीही तेच विचारलं. मी सांगितलं, जिथे जन्मला तिथली तारीख, तिथली वेळ आणि तिथलेच अक्षांश-रेखांश. पत्रिकाही त्यावरच मांडतात. त्यावरून वडील आठवले. ते मुंबईत गिरगावात वाढले, आणि सांगायचे की त्यांच्या लहानपणी शहरात दोन वेळा चालत. रेल्वेची वेळ एक, महापालिकेची एक. भारतीय प्रमाणवेळ १९०६ पासून होती, पण मुंबई महापालिकेने एकोणचाळीस मिनिटं मागे असलेली आपली मुंबई वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. कुठल्या वेळेने जगायचं यावर माणसं भांडली आहेत, हे मला नेहमीच योग्य वाटत आलं आहे.

दोन दिवसांनी लेक घरी आली. रात्री दर दोन तासांनी बाळ उठे आणि त्या सगळ्या वेळी मी आधीच जागी असे. लेकीला पाजण्यापुरतं उठवायचं, बाकी ढेकर काढणं, लंगोट बदलणं, खांद्यावर घेऊन फिरणं माझ्याकडे. त्या आठवड्यात नातू आणि मी एकाच वेळेवर होतो, आणि ती वेळ सातारची होती.

२२ जून, शनिवार : अल्मेडा आणि वुड स्ट्रीट

मधल्या दिवसांबद्दल फार लिहीत नाही. शेक-शेगडी, न्हाऊ-माखू, बारसं, त्यात दिवस गेले. बाळ सहा आठवड्यांचं झालं तसं लेक म्हणाली, "आई, तुला काय बघायचंय ते सांग. ब्रिज?" मी दोन जागा सांगितल्या. जावयांना दोन्ही ठाऊक नव्हत्या.

पहिली अल्मेडा. खाडीच्या पलीकडच्या तीरावर. २२ नोव्हेंबर १९३५ ला इथल्या पाण्यावरून 'चायना क्लिपर' नावाचं मार्टिन कंपनीचं उडतं जहाज टपालाच्या थैल्या घेऊन उठलं. होनोलुलू, मिडवे, वेक, ग्वाम असे मुक्काम करत २९ नोव्हेंबरला ते मनिलाला उतरलं. पॅसिफिक ओलांडणारी पहिली नियमित हवाई टपालसेवा ती. हवेतला वेळ सुमारे साठ तास. मनिला ज्या लुझोन बेटावर आहे ते मी सिंगापूर सोडल्यावर सकाळी ओलांडलं होतं, आणि तिथून इथवर यायला मला बारा तासही लागले नव्हते. थंड वारा होता, बाळ टोपडं घालून जावयांच्या छातीशी झोपलेलं. मी बराच वेळ पाण्याकडे बघत उभी होते.

दुसरी जागा सॅन फ्रान्सिस्कोत, ५ वुड स्ट्रीट. उतारावरच्या साध्या रस्त्यावर गदर स्मारक आहे, ब्रिटिश सत्तेविरुद्ध अमेरिकेतल्या भारतीयांनी उभारलेल्या गदर चळवळीचं. आम्ही बाहेरूनच पाहिलं. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जपानमार्गे, बोटीने पॅसिफिक ओलांडून कॅलिफोर्नियाला आले आणि गदर चळवळीच्या उभारणीत होते. मी जो महासागर एका दिवसात आणि पाच तासांच्या रात्रीत पार केला, त्याच वाटेने. तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळेही इथल्याच चळवळीतले. ते १९१४ मध्ये बोटीने परत भारतात गेले आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये लाहोरला त्यांना कर्तारसिंग सराभांबरोबर फाशी दिलं. पाटीसमोर मी नातवाला दोन्ही नावं मोठ्याने सांगितली. तो झोपला होता, तरी सांगितली.

२५ जुलै, गुरुवार : सॅन फ्रान्सिस्को ते दुबई

परतीचं तिकीट वेगळं काढलं होतं. मीच जावयांना म्हटलं होतं, आले त्या बाजूने नको, दुसऱ्या बाजूने पाठवा. म्हणून दुबई.

हा दोरा मी फोनवरून लेकीला सांगून तिच्या छोट्या गोलावर आधीच मोजून घेतला होता, इकडे यायच्या कितीतरी आधी. सॅन फ्रान्सिस्को १२२ अंश पश्चिम रेखांशावर, दुबई ५५ अंश पूर्व. बेरीज १७७. म्हणजे दोन्ही शहरं पृथ्वीच्या जवळजवळ समोरासमोरच्या रेखावृत्तांवर आहेत, आणि त्यांच्यामधला ताठ दोरा उत्तर ध्रुवाला घासून जातो. अंतर सुमारे १३,०४० किलोमीटर.

निरोपाचं लिहिणार नाही.

सव्वाचारला विमान उठलं. कॅनडाची जंगलं, मग ओसाड खडक, त्यात हजारो तळी, मग तळ्यांच्या जागी बर्फाचे तुकडे. पडद्यावर उत्तर अक्षांश सत्तर, पंचाहत्तर, ऐंशी. शेजारच्या बाईंनी डोळ्यांवर पट्टी बांधली होती. मी खिडकीची झडप बोटभर उघडी ठेवून बघत होते. खाली समुद्राचं बर्फ, त्यात निळ्या-काळ्या भेगा, आणि सूर्य क्षितिजापासून दीड-दोन हात वर, तिथेच. तो खाली जात नव्हता, आडवा सरकत होता. जुलैत ध्रुवावर तो चोवीस तास असाच फिरतो. घड्याळ म्हणत होतं सकाळचे साडेअकरा. बाहेर कुठली वेळ होती, हे कुणालाच सांगता आलं नसतं. सगळी रेखावृत्तं तिथे एकमेकींच्या इतकी जवळ येतात की काही मिनिटांत तीन-चार देशांची वेळ खालून निघून जाते.

जानेवारी २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को ते बंगळुरू हे जवळपास चौदा हजार किलोमीटरचं विमान कॅप्टन झोया अग्रवाल यांच्या नेतृत्वाखाली सगळ्या महिला वैमानिकांनी ध्रुवावरून नेलं. त्यांच्यात कॅप्टन आकांक्षा सोनावरेही होत्या. त्या वेळी मी दहावीच्या वर्गाला ऑनलाइन शिकवत होते. ती बातमी पडद्यावर लावून मुलींना गोल हातात घ्यायला सांगितला होता. ज्यांच्याकडे गोल नव्हता त्यांनी चेंडूवर पेनाने रेघ काढली.

ध्रुव मागे पडला, रशिया आला, मग कॅस्पियन, इराणचे तपकिरी डोंगर. सूर्य कधी डाव्या हाताला, कधी उजव्या, पण होताच. पंधरा तास चाळीस मिनिटांनी दुबईला उतरले तेव्हा तिथे सात वाजायला पाच मिनिटं होती. तारीख २६, वार शुक्रवार. सूर्य अजून मावळला नव्हता. गुरुवार आणि शुक्रवार यांच्यामध्ये माझ्यासाठी रात्र झालीच नाही. विमानतळाच्या काचेतून तो धुळीत बुडताना पाहिला आणि मगच आत गेले.

२७ जुलै, शनिवार : मुंबई, सातारा

दुबई ते मुंबई साधारण १,९३० किलोमीटर, तीन तास. त्या वेळात कागदी रुमालावर हिशेब मांडला. मुंबई ते सिंगापूर, घड्याळ अडीच तास पुढे. सिंगापूर ते सॅन फ्रान्सिस्को, नऊ तास पुढे. सॅन फ्रान्सिस्को ते दुबई, अकरा. दुबई ते मुंबई, दीड. बेरीज बरोबर चोवीस. एक अख्खा दिवस पुढे गेले होते, आणि तो पॅसिफिकमधल्या रेषेने परत घेतला होता, त्या दुसऱ्या रविवारच्या रूपाने. मॅगेलनच्या मोहिमेतले वाचलेले खलाशी जुलै १५२२ मध्ये केप व्हर्डला पोचले तेव्हा त्यांच्या नोंदीत बुधवार होता आणि किनाऱ्यावर गुरुवार. ते पश्चिमेच्या दिशेने जात पृथ्वीला फिरून आले होते, म्हणून त्यांचा दिवस हरवला. रोजची नोंद न चुकता ठेवणाऱ्या त्या माणसांना आपली चूक कुठे झाली ते कळेना. चूक झालीच नव्हती.

मुंबईला रात्री अडीचला उतरले. भिंतीवर दोन बत्तीस, मनगटावर दोन बत्तीस.

पाऊस कोसळत होता. लोणावळ्याला धुकं, खंबाटकीच्या कड्यांवरून पांढऱ्या धारा. नऊच्या सुमाराला घरी पोचले. दादाने दार उघडून आधी बॅगा आत घेतल्या, मग चहा टाकला. मी तशीच ओल्या पायांनी कपाटापाशी गेले, गोल खाली घेतला, डब्यातून दोरा काढला आणि सॅन फ्रान्सिस्कोहून ध्रुवावरून दुबई आणि दुबईहून मुंबई असा ताणला. आधीचे दोन तुकडे तसेच चिकटपट्टीने लावलेले होते. टोकं मुंबईवर जुळली. फोन वाजला. तिकडे शुक्रवारचे रात्रीचे पावणेनऊ.

"पोचलीस?"

"पोचले. झोपला का तो?"

"नाही गं, टक्क जागा आहे."